हाफकिन आणि प्लेगची लस

मुंबईच्या परळ भागात एक फार जुनी इमारत आहे. एके काळी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आज तेथे हाफकिन संस्था आहे. लसींच्या बातम्यांमध्ये हे नाव तुम्ही ऐकले असेल. हे नाव ज्यांचे आहे ते हिंदुस्थानी नव्हते आणि इंग्रजही नव्हते. वैद्यकीची पदवी घेतलेले डॉक्टरही ते नव्हते. तरी आपल्या देशातील दोन भयंकर रोगांविरुद्ध त्यांनी लसी दिल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या लसी खरोखर गुण देतात की नाही, हे त्यांनी गावोगावी माणसे मोजून दाखवले. या धड्यात त्या मोजणीचीच हकीकत मुख्यतः सांगायची आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियाच्या साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठात मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. त्या काळी रशियात यहुदी लोकांच्या वस्त्यांवर हल्ले होत. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे झाले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी खटपट करून त्यांना सोडवले. पुढे धर्म बदलला असता तर त्यांना विद्यापीठात चांगली जागा मिळाली असती. त्यांनी धर्म बदलला नाही. १८८८ मध्ये देश सोडून ते प्रथम स्वित्झर्लंडला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. तेथील पाश्चर संस्थेत त्यांना मिळालेली पहिली जागा ग्रंथपालाच्या मदतनिसाची होती. पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकासमोर बसावे, असा त्यांचा दिवस जाई.

त्या दिवसांत युरोपात पटकीची साथ होती. पटकी म्हणजे तुमच्या घरी ज्याला हैजा म्हणतात तो रोग. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण ते बरे झाले. मग त्यांच्या काही मित्रांनीही लस घेतली. पण निरोगी माणसाला लस सोसते, एवढ्याने ती रोग थांबवते असे ठरत नाही. त्यासाठी रोग जेथे वारंवार येतो तेथेच जायला हवे. लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे वकील होते. त्यांच्या सल्ल्याने हाफकिन हिंदुस्थानाकडे निघाले आणि मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

सव्वादोन वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. पण हाफकिन समाधानी नव्हते. ज्या पलटणींना लस दिली त्यांची बदली होई, मजूर दुसरीकडे जात. कोण आजारी पडले आणि कोण वाचले, याचा पत्ताच लागत नसे. नुसता मोठा आकडा घेऊन काय करायचे?

उत्तर सापडले ते कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत. तेथे एकाच तळ्याचे पाणी पिणारी माणसे दाटीने राहत. मार्च १८९४ मध्ये काटाल बागान नावाच्या वस्तीत पटकीने दोन माणसे दगावली. हाफकिन आपल्या बंगाली डॉक्टरांसह तेथे गेले. लोक आधी फार घाबरले. शेवटी सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत जे लोक पटकीने आजारी पडले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. पाणी तेच, घरे तीच, हवा तीच. फरक होता तो फक्त सुईचा. हाफकिन यांना हवी होती तशी तुलना प्रथमच इतकी स्पष्ट मिळाली.

मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे ते काही काळ इंग्लंडला गेले आणि परत आले. इतक्यात मुंबईत दुसरेच संकट उभे राहिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी एका रोग्याला प्लेग झाल्याचे ओळखले. प्लेग म्हणजे ताऊन. उंदीर पटापट मरत, मग माणसांना ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि बहुतेक रोगी काही दिवसांतच मरत. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. लाखो लोक शहर सोडून पळाले. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच रोगाने १८९७ मध्ये मरण पावल्या, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल.

सरकारने हाफकिन यांना मुंबईत बोलावले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले.

लस कशी केली ते समजून घ्या. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतूंची वाढ त्या थेंबांखाली छताला लोंबणाऱ्या जाळ्यासारखी लोंबत राहते. बाटली हलवली की ती तळाशी पडते आणि वर पुन्हा नवी वाढ होते. शेवटी उष्णता देऊन सर्व जंतू मारायचे. मेलेले जंतू शरीरात गेल्यावर शरीर लढायला शिकते. हा रस बकऱ्याच्या मांसापासून केला जाई. गाईचे मांस हिंदूंना आणि डुकराचे मांस मुसलमानांना चालणार नाही, हे हाफकिन यांनी ध्यानात ठेवले होते. परक्या देशातून आलेल्या माणसाला एवढे भान असावे, याचे मला नवल वाटते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली. मात्रा पुढे लोकांना दिली गेली त्यापेक्षा कितीतरी मोठी होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे दीडशेहून अधिक कैद्यांनी आपल्या खुशीने लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. सर्वांचे जेवण, काम आणि बराकी सारख्याच होत्या. पहिल्या दिवसाचे रोगी सोडले, कारण त्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता, तर पुढे लस न घेतलेल्यांत रोगी पुष्कळ झाले आणि मृत्यूही झाले. लस घेतलेल्यांत अगदी थोडे आजारी पडले आणि ते वाचले.

पण तुरुंग म्हणजे शहर नव्हे. बाहेर लोकांचा सरकारवर विश्वास उरला नव्हता. सोजीर घरात शिरून झडती घेत, रोग्याला उचलून रुग्णालयात नेत, सामान जाळत. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आले आणि दंगल पेटली. घरातील मुलीला परक्या माणसाने येऊन तपासावे, हे त्या लोकांना सहन झाले नाही. अशा वातावरणात सुई घेऊन येणाऱ्या साहेबावर कोण भरवसा ठेवील? मुंबईत लस घेणे हाफकिन यांनी ऐच्छिक ठेवले. मला वाटते, निम्मे यश त्यातच होते.

उरलेले काम एका विशीतल्या तरुणाने केले. खोजा इस्माइली जमातीचे इमाम आगाखान तिसरे, सुलतान मुहम्मद शाह, यांनी लोकांसमोर आपल्या दंडावर लस टोचून घेतली. इमामाला काही झाले नाही हे पाहून हजारो खोजा स्त्री-पुरुष पुढे आले. आगाखान यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली.

आता उंढेरा गावाची हकीकत ऐका. हे गाव बडोदे संस्थानात होते. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग पसरला असताना हाफकिन तेथे गेले. या वेळी त्यांनी घराघरांतील माणसे मोजली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. एकाच छपराखाली एका भावाला लस, दुसऱ्याला नाही. ७१ जणांना लस मिळाली, ६४ जणांना मिळाली नाही. काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली. लस न मिळालेल्या ६४ जणांत २७ जणांना प्लेग झाला आणि त्यातील २६ मेले. लस मिळालेल्या ७१ जणांत ८ जणांना झाला, ३ मेले.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ते २६ जण कोणाचे तरी आई-बाप, कोणाची तरी मुले होती. त्यांनाही लस दिली असती तर? हा प्रश्न तुमच्या मनात येईल आणि तो यायलाच हवा. त्या वेळी लस नक्की वाचवते असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नव्हते. कित्येक डॉक्टर तिला विरोध करत होते. आज असे प्रयोग करण्यापूर्वी माणसांची लेखी संमती आणि समितीची परवानगी लागते. तेव्हा असे नियम नव्हते. तरीही उंढेऱ्याच्या त्या घरांतून जे कळले, त्याने विरोधकांची तोंडे बंद केली.

यानंतर हाफकिन यांच्यावर घाला आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. लसीच्या पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली ते १९ जण धनुर्वाताने मरण पावले. बाकी चार बाटल्यांची लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते युरोपला परतले.

चौकशीची कागदपत्रे काही वर्षांनी प्रसिद्ध झाली तेव्हा निराळेच चित्र दिसले. त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, केवळ औषधी पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. ते जंतू मुंबईतच बाटलीत शिरले असते, तर इतक्या दिवसांत लस नासून तिला घाण वास आला असता. बाटली उघडली तेव्हा तसा वास आलेला नव्हता.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिकंदराबादेत दाखवून देणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र छापले. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. तोपर्यंत पाच वर्षे निघून गेली होती. ते परत आले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेतील त्यांची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्यात काम मिळाले. माणसांवर नवे प्रयोग करण्याची मोकळीक मात्र मिळाली नाही. ज्याने मोजणीतून सत्य शोधले, त्याच्याच बाबतीत सरकारने नीट हिशेब केला नव्हता.

१९१४ मध्ये ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. परळची प्रयोगशाळा मात्र चालूच होती. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. बातमी कळल्यावर त्यांनी आभाराचे पत्र पाठवले आणि आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेल्याचे कळवले. मुल्कोवालच्या चौकशीनंतर ज्या शहराने त्यांना परके केले, त्या शहराबद्दल त्यांनी कडू शब्द लिहिला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात ते वारले.