पहिला काळा अमेरिकन लढाऊ वैमानिक : यूजीन बुलार्ड

१८९५ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जन्मलेला हा काळा पोरगा १९१२ मध्ये जहाजात लपून युरोपात पळाला. १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि तो फ्रेंच सैन्यात भरती झाला. १९१६ मध्ये व्हर्दनच्या लढाईत मांडी जायबंदी झाली. पायदळ सुटलं, पण गडी थांबला नाही. १९१७ मध्ये फ्रान्सचं लढाऊ विमान उडवू लागला.

त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली. फ्रान्ससाठी उडणाऱ्या गोऱ्या अमेरिकनांना तिने आपल्या हवाई दलात घेतलं, बुलार्डला नाही! १९४० मध्ये मायदेशी परतल्यावर पुढे न्यूयॉर्कमध्ये तो लिफ्टमन झाला. १९६१ ला वारला. अमेरिकन हवाई दलाने त्याला अधिकारीपद दिलं ते १९९४ मध्ये. मित्रांनो, लायकी तर १९१७ लाच सिद्ध झाली होती ना?