पडत्या दगडाचा हिशेब

एका हातात मोठा दगड घ्या आणि दुसऱ्या हातात लहानसा खडा. दोन्ही एकाच उंचीवरून एकदम सोडा. आधी जमिनीवर कोण पडेल? हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक मुले मोठ्या दगडाचे नाव घेतात. त्यांना हसू नये. ग्रीसमधील थोर विचारवंत ॲरिस्टॉटल, ज्याला उर्दूत आपण अरस्तू म्हणतो, त्याचेही उत्तर हेच होते. वस्तू जितकी जड तितकी ती लवकर खाली येते, असे त्याने सांगितले. पुढे शेकडो वर्षे युरोपातील विद्यापीठांत हेच शिकवले गेले. काही थोड्या लोकांनी शंका घेतली, पण पडणारी वस्तू नीट मोजून पाहिली ती गॅलिलिओने.

गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा शहरात झाला. त्याचे वडील विन्चेन्झो हे संगीतकार होते. तारेला वेगवेगळी वजने टांगून स्वर कसा बदलतो हे ते स्वतः तपासून पाहत. ग्रंथात लिहिलेला नियम तारेवर खरा उतरला नाही, तर ते तारेवर विश्वास ठेवत. मुलाने ही सवय वडिलांकडूनच घेतली असावी, असे मला वाटते. गॅलिलिओने वैद्य व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी १५८१ मध्ये त्याला पिसाच्या विद्यापीठात घातले. पण त्याचे मन गणितात रमले आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच तो घरी परतला. चारच वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला!

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून त्याने दोन गोळे खाली टाकले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती त्याच्या एका शिष्याने नंतर लिहिली. गॅलिलिओच्या स्वतःच्या लेखनात या मनोऱ्यावरील प्रयोगाचा उल्लेख नाही. पण त्याने दिलेला एक दाखला मनोऱ्याहूनही पक्का आहे. समजा, जड दगड वेगाने पडतो आणि हलका हळू. आता दोन्ही दोरीने एकत्र बांधा. हलका दगड जड दगडाला मागे ओढील, म्हणून जोडीचा वेग कमी व्हायला हवा. पण दोघांचे मिळून वजन तर वाढले आहे, म्हणून वेग जास्तही व्हायला हवा. एकच वस्तू एकाच वेळी हळू आणि वेगाने कशी पडेल? म्हणजे मूळ समजूतच चुकीची. पीस हळूहळू खाली येते ते हवेच्या अडथळ्यामुळे. चंद्रावर हवा नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ यानातील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने तेथे हातोडी आणि पीस एकदम सोडले, तेव्हा दोन्ही बरोबरच खाली पडले.

१५९२ मध्ये गॅलिलिओ पादुआ येथील विद्यापीठात गेला. वडील वारले होते. बहिणींच्या लग्नाचा खर्च त्याच्यावर पडला होता. पगार पुरत नसे, म्हणून तो घरी विद्यार्थी ठेवून शिकवण्या करी. या ओढाताणीतच त्याने आपले सर्वांत मोठे काम केले.

पडणारी वस्तू नेमकी कशी पडते, हे त्याला मोजायचे होते. पण दगड क्षणात खाली येतो आणि इतका थोडा वेळ अचूक मोजणारे घड्याळ तेव्हा नव्हते. मग त्याने पडणेच मंद केले. सुमारे ७ मीटर लांबीची लाकडी फळी घेऊन तिच्यात सरळ खाच कोरली. खाच गुळगुळीत राहावी म्हणून आत चर्मपत्र चिकटवले. फळीचे एक टोक थोडे उचलून तो खाचेतून काशाची गोटी सोडी. वेळ मोजण्यासाठी पाण्याने भरलेल्या भांड्याच्या तळाला बारीक नळी बसवली होती. गोटी घरंगळत असताना नळीतून पडलेले पाणी तो पेल्यात जमा करी आणि तराजूत तोली. जितके पाणी जास्त, तितका वेळ जास्त. हा प्रयोग त्याने पुन्हा पुन्हा केला.

हिशेब असा निघाला. पहिल्या क्षणात गोटी १ हात गेली, तर दुसऱ्या क्षणात ३ हात, तिसऱ्यात ५, चौथ्यात ७. आता बेरीज करा. दोन क्षणांत ४ हात, तीन क्षणांत ९, चार क्षणांत १६. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते! सरळ खाली पडणारा दगडही याच नियमाने पडतो. पहिल्या सेकंदात तो सुमारे ५ मीटर पडतो, दोन सेकंदांत २० मीटर आणि तीन सेकंदांत ४५ मीटर.

मग प्रश्न आला फेकलेल्या वस्तूचा. हातातून सुटलेला बाण पुढे का जातो? मागची हवा त्याला ढकलते, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. बू अली सीना (९८०–१०३७) यांना ते पटले नव्हते. फेकणाराच बाणाला जोर देतो आणि वाटेत काही अडथळा नसेल तर तो जोर संपणार नाही, असे त्यांनी मांडले होते. गॅलिलिओने यापुढे जाऊन मोजमाप केले. १६०८ च्या सुमारास तो उतारावरून गोटी सोडी, ती टेबलाच्या काठावरून पुढे उडे आणि जमिनीवर कोठे पडते ते तो लिहून ठेवी. त्याला आढळले की गोटी एकाच वेळी दोन कामे करते. ती सारख्या वेगाने पुढे जाते आणि त्याच वेळी दगडासारखी खाली पडते. एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. दोन्ही मिळून जी वाकडी वाट तयार होते, तिला गणितात अन्वस्त किंवा पॅराबोला म्हणतात. हवेचा अडथळा सोडला तर ४५ अंशांच्या कोनात सुटलेला तोफगोळा सर्वांत दूर जातो. ४० अंशांत आणि ५० अंशांत सुटलेले गोळे एकाच अंतरावर पडतात.

१६०९ मध्ये त्याने दुर्बीण तयार केली आणि जानेवारी १६१० मध्ये गुरू ग्रहाभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते, ही समजूत त्यामुळे डळमळली. त्याच वर्षी मोठ्या मानाची नोकरी घेऊन तो फ्लोरेन्सला गेला. पादुआ व्हेनिसच्या राज्यात होते आणि तेथे रोमच्या धर्मपीठाचा हात सहज पोहोचत नसे. ते संरक्षण त्याने सोडले. ही त्याची मोठी चूक होती, असे अनेकांचे म्हणणे आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मांडू नये, अशी ताकीद त्याला १६१६ मध्ये मिळाली. १६३२ मध्ये त्याने याच विषयावर ग्रंथ छापला. रोमला खटला चालला आणि २२ जून १६३३ रोजी ६९ वर्षांच्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत चुकीचे असल्याचे सांगावे लागले. काही जण त्याला यासाठी भित्रा म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. त्याचे पडत्या वस्तूंवरचे काम अजून छापायचे राहिले होते.

त्याला आयुष्यभर नजरकैद झाली. फ्लोरेन्सजवळ आर्चेत्री येथील आपल्या घरी तो परतला. जवळच्याच मठात त्याची मुलगी मारिया चेलेस्ते राहत असे. खटल्याच्या काळात ती त्याला पत्रांतून धीर देत होती. तो परतल्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १६३४ मध्ये, ती वारली. त्याचे दुःख फार मोठे होते. तरी फळी, गोटी आणि तोफगोळा यांचा सारा हिशेब त्याने लिहून पूर्ण केला. इटलीत त्याचे काही छापायला बंदी होती. म्हणून हस्तलिखित हॉलंडला गेले आणि १६३८ मध्ये लायडेन शहरात छापले गेले. ते आपल्या नकळत छापले गेले, असा बहाणा त्याने प्रस्तावनेत केला. ग्रंथ हाती आला तेव्हा त्याची दृष्टी गेली होती.

चंद्र पृथ्वीभोवती गोल का फिरतो, हे मात्र त्याला सांगता आले नाही. आकाशातील गोल गती त्याला स्वाभाविकच वाटे. ते कोडे पुढे इंग्लंडच्या न्यूटनने सोडवले. उंच पर्वतावरून तोफगोळा खूप वेगाने उडवला तर तो पडत राहील, पण पृथ्वीही त्याच्याखाली वळत गेलेली असेल. म्हणून तो जमिनीवर न येता तिच्याभोवती फिरत राहील. चंद्रही असाच सतत पडतो आहे, हे न्यूटनने दाखवले.

८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओचा मृत्यू झाला. त्याचे भव्य स्मारक बांधण्याला पोपने विरोध केला, म्हणून फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये एका लहानशा खोलीत त्याला पुरले. मुख्य चर्चमध्ये त्याला जागा मिळाली ती १७३७ मध्ये.