बिलुंडचा सुतार

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, संत, देशभक्त आणि शास्त्रज्ञ उभे राहतात. महाविद्यालयाच्या वार्षिकातही बहुधा त्यांचीच चरित्रे येतात, आणि ती यावीतच. यंदा मी मात्र एका सुताराचे चरित्र लिहावयास घेतले आहे. त्याच्या नावावर एकही लढाई नाही की एकही ग्रंथ नाही. तरीही त्याच्या कारखान्यातून निघालेली एक छोटीशी रंगीत वीट आज देशोदेशींच्या मुलांच्या हातात आहे, आणि नुसत्या मुलांच्याच नव्हे. डेन्मार्क देशातील बिलुंड गावचा हा सुतार म्हणजे ओले कर्क क्रिस्तियानसेन. लेगो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळण्यांचा कारखाना त्याने काढला.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. खेळण्यांशी माझा तसा संबंध नाही. या सुताराकडे मी वळलो तो एका विलक्षण छंदामुळे. जगात अशी कितीतरी प्रौढ माणसे आहेत, की जी आपापल्या नोकऱ्या सांभाळून रात्री जागून या विटांची अंतराळयाने बांधतात. ही याने खरी नव्हेत. चित्रपटांतली, मालिकांतली, विज्ञानकथांतली. पण बांधणारे कमालीचे काटेकोर. यानाच्या प्रत्येक कोनातून घेतलेली छायाचित्रे जमवावयाची, खिडक्या मोजावयाच्या, प्रमाण ठरवावयाचे आणि सगळी मापे विटांच्या हिशेबात बसवावयाची. लेगोचा बाहुला सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो. तो माणसाएवढा धरला तर प्रमाण साधारण ४३ ला १ असे पडते. स्टार ट्रेक मालिकेतील एंटरप्राइज यानाची लांबी कथेत सुमारे २८९ मीटर सांगितलेली आहे. या प्रमाणात त्याची प्रतिकृती सहा-पावणेसात मीटर लांब होईल. आपल्या बहुतेक वर्गखोल्यांत ती आडवीही मावणार नाही. म्हणून हे छांदिष्ट लहान प्रमाण घेतात. मग एक गुंडी इकडे की तिकडे, यावर त्यांचे आठवडे जातात.

आता गंमत पाहा. जे यान कधी उडालेच नाही, त्याची प्रतिकृती बरोबर आहे की चूक हे ठरवावयाचे कसे? त्याचे उत्तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मालिकेच्या चित्रीकरणासाठी केलेला एंटरप्राइजचा ११ फूट लांबीचा नमुना १९७४ साली तेथे देण्यात आला. छांदिष्टांचे मूळ ते. आणि हा नमुना बराचसा पॉप्लर झाडाच्या लाकडाचा आहे! म्हणजे ताऱ्यांपलीकडे जाणाऱ्या या यानाचा शोध घेत गेले की शेवटी आपण रंधा आणि करवत यांच्यापाशीच येऊन पोहोचतो.

अशा प्रतिकृतीत अचूकता दोन ठिकाणी लागते. एक बांधणाऱ्याच्या मोजमापात. ती दिसते, तिचे कौतुक होते. दुसरी खुद्द विटेत; ती कोणाला दिसत नाही. ही दुसरी अचूकता कोठून आली, हे पाहात गेलो तेव्हा या सुताराची गाठ पडली.

ओले कर्कचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी जटलंडमधील फिल्स्कोव्ह गावाजवळ एका गरीब कुटुंबात झाला. आईबापांचे तो दहावे अपत्य. लहानपण गुरे-मेंढरे राखण्यात गेले. चौदाव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या हाताखाली सुतारकाम शिकू लागला. पुढे कामासाठी जर्मनी आणि नॉर्वे येथे राहून आला, आणि १९१६ साली त्याने बिलुंड या खेड्यात एक सुतारशाळा विकत घेतली. नॉर्वेत भेटलेल्या हॅन्सीनशी त्याच वर्षी त्याने लग्न केले. घरे बांधणे, दारे-खिडक्या करणे, शेतकऱ्यांची लाकूडकामे करणे हा त्याचा धंदा. आपल्या जोयडा तालुक्यात सागवान, शिसवीच्या सहवासात वाढलेल्या वाचकांना असा गावसुतार डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडू नयेत.

१९२४ साली त्याच्या दोन लहान मुलांच्या खेळात लाकडाच्या भुशाला आग लागली आणि सुतारशाळा व राहते घर दोन्ही जळाले. त्याने ती पुन्हा उभी केली, पहिल्यापेक्षा मोठी. पुढे जागतिक मंदी आली. शेतकऱ्यांच्या हातात पैसा उरला नाही. नवे घर कोण बांधणार? कामगार एकेक करून कमी करावे लागले. १९३२ साली पत्नी वारली. घरात चार मुलगे आणि दारात काम नाही, अशी वेळ आली.

मोठी कामे मिळत नाहीत तर लहान वस्तू कराव्यात, असा विचार करून तो इस्त्रीचे फळे आणि घडीच्या शिड्या करू लागला. त्यांच्याबरोबरच लाकडी खेळणी आली: गाड्या, दोरीने ओढावयाचे प्राणी, यो-यो. धडधाकट कारागिराने खेळणी करीत बसावे हे आप्तांना पटणारे नव्हते. तरी कर्ज काढून त्याने हेच काम धरून ठेवले. यो-योची लाट ओसरली तेव्हा उरलेले यो-यो मधोमध कापून त्याने खेळण्यातल्या गाड्यांना चाके केली. कारखान्याला त्याने लेगो हे नाव दिले. चांगले खेळ, अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून ते झाले.

लाकूड नीट वाळल्याशिवाय हाती घ्यावयाचे नाही आणि रंगलेल्या खेळण्यावर वार्निशचे तीन हात द्यावयाचे, असा त्याचा दंडक. याविषयी लेगोच्या इतिहासात एक हकीकत आवर्जून सांगितली जाते. त्याचा मुलगा गॉटफ्रेड बाराव्या वर्षापासून बापाबरोबर कामाला होता. एकदा त्याने लाकडी बदकांची खेप वार्निशचे दोनच हात देऊन पाठवून दिली, आणि खर्च वाचवला म्हणून मोठ्या अभिमानाने बापाला सांगितले. बापाने त्याला लगेच स्टेशनवर धाडले. पेट्या परत आणून, सोडून, तिसरा हात देऊन, पुन्हा बांधून मगच झोपावयाचे, आणि हे सारे एकट्याने. तो तिसरा हात गिऱ्हाइकाला ओळखूही आला नसता. पुढे याच मुलाने, उत्तमाहून कमी काही चालणार नाही अशा अर्थाची अक्षरे लाकडात कोरून ती पाटी कारखान्यात लावली.

१९४२ मध्ये डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना कारखाना पुन्हा जळाला. या वेळी नमुने आणि आराखडेही गेले. ओले कर्कचे वय पन्नास. घर नव्याने मांडणे म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगावयास नको. काळी नदीवरच्या धरणाखाली जुने सुपे गेले आणि किती कुटुंबांनी रामनगरला नव्याने चूल मांडली. या गृहस्थानेही खचून न जाता तिसऱ्यांदा भिंती उभ्या केल्या.

महायुद्ध संपल्यावर त्याने सर्वांना चकित करणारी गोष्ट केली. जन्मभर लाकूड हाताळलेल्या या माणसाने प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू काढण्याचे इंग्रजी यंत्र मागवले. किंमत ३०,००० क्रोनर. त्या लहान कारखान्याला ही रक्कम फार जड होती. मुलांनाही हा व्यवहार धोक्याचा वाटत होता. पण तो हटला नाही.

या ठिकाणी चरित्रकाराने प्रामाणिक राहिले पाहिजे. गुंड्यांनी एकमेकींत बसणारी वीट ही कल्पना मुळात ओले कर्कची नव्हे. ती हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराची. किडीक्राफ्ट या नावाने त्याच्या विटा इंग्लंडात विकल्या जात होत्या. यंत्राबरोबर त्या विटांचे नमुने बिलुंडला आले. बापलेकांनी मापे इंचांतून मिलिमीटरांत बदलली, गुंड्यांचे माथे सपाट केले आणि १९४९ साली आपल्या विटा बाजारात आणल्या. पेज १९५७ साली वारला. त्याच्या विटेचे हक्क लेगो कंपनीने विकत घेतले ते थेट १९८१ साली. थोरवी सांगताना दुसऱ्याचे देणे लपवले तर ते चरित्र न होता जाहिरात होते, म्हणून हे येथे नोंदवतो.

मग ओले कर्क आणि गॉटफ्रेड यांचे स्वतःचे काय? त्यांचे स्वतःचे म्हणजे चिकाटी. त्या पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. त्या एकमेकींवर बसत, पण धरून ठेवत नसत. उंच बांधकाम हलले की कोसळे. विक्रीही बेताचीच होती. १९५० पासून कारभाराचा बराच भार गॉटफ्रेडवर आला. १९५५ मध्ये त्याने सर्व खेळणी एकाच मापात बांधण्याची पद्धत सुरू केली: आज घेतलेली वीट उद्या घेतलेल्या विटेत बसलीच पाहिजे. शेवटी विटेच्या पोकळीत नळ्या बसवण्याची युक्ती सापडली. वरच्या विटेतील नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये खालच्या विटेच्या गुंड्या घट्ट पकडल्या जातात. आपले सुतार कुसू आणि खाच करून खिळ्यावाचून सांधा धरतात, त्याच जातीचा हा सांधा. फरक एवढाच, की तो हवा तेव्हा सोडवता येतो. २८ जानेवारी १९५८ रोजी या सांध्याच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, ओले कर्क मरण पावला. विटेचे पुढचे यश त्याने पाहिले नाही. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागली आणि कंपनीने लाकूड कायमचे सोडले.

आता थोडा हिशेब करू. लेगोच्या विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि दोन गुंड्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर. समजा, शंभर विटांची एक चवड रचली आणि तिच्यातील प्रत्येक वीट ०.०५ मिलिमीटरने जास्त भरली. शेजारच्या चवडीतील प्रत्येक वीट तेवढ्यानेच कमी भरली. माथ्यावर पोहोचेपर्यंत दोन चवडींत १० मिलिमीटरचा, म्हणजे एका विटेहूनही अधिक फरक पडेल, आणि वर त्यांना जोडणारी वीट बसणारच नाही. म्हणून या विटांचे साचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी चुकीत करतात. आपल्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेज जेथे हात टेकतो, तेथून त्या साच्याची परीक्षा सुरू होते. १९५८ साली काढलेली वीट आजच्या विटेत बसते, हे या काटेकोरपणाचेच फळ.

आणि या सांध्याने कल्पनेला केवढे रान मोकळे करून दिले! आठ-आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. सहा विटा घेतल्या तर प्रकार होतात ९१,५१,०३,७६५. कंपनी पूर्वी सुमारे दहा कोटी हा आकडा सांगत असे. त्यात फक्त सहा थरांच्या उंच रचना मोजल्या होत्या. संगणकाच्या साहाय्याने गणितज्ञांनी सर्व रचना मोजल्या तेव्हा हा मोठा आकडा मिळाला. ओले कर्कच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९७८ साली, लेगोचे अंतराळसंच निघाले. १९९९ मध्ये स्टार वॉर्स चित्रपटांवरचे संच आले. २०१७ मध्ये निघालेल्या मिलेनियम फाल्कन यानाच्या संचात ७,५४१ तुकडे आहेत. छांदिष्टांचे समाधान मात्र तयार संचांनी होत नाही. ते स्वतःच्या मापाने, स्वतःच्या आराखड्याने बांधतात, कारण त्यांना विटेवर पूर्ण भरवसा टाकता येतो.

ओले कर्कला अंतराळयानांचे वेड होते असे कोठे दिसत नाही. तो बदके आणि गाड्या करीत होता. पण स्वप्नातले यान कितीही मोठे असले तरी ते उभे राहते ते कोणीतरी आधी नीट केलेल्या लहान कामावर, हे त्याच्या चरित्रात मला दिसते. आपल्या जवळ सावंतवाडी आहे, आपल्याच राज्यात चन्नपट्टण आहे. लाकडी खेळण्यांची मोठी परंपरा आपल्या दोन्ही बाजूंना नांदते. हात आपल्याकडेही आहेत, लाकूडही आहे. ओले कर्कपाशी याहून निराळी होती ती तिसऱ्या हाताविषयीची सक्ती.

विद्यार्थी मित्रांनो, प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी पाहून मग रीडिंगे लिहिण्याची कला तुम्हांपैकी काहींना चांगली साधली आहे, आणि आम्हा शिक्षकांना ती ओळखताही येते. कित्येकदा आम्ही सही करून मोकळे होतो, हेही तितकेच खरे. वही पुढच्या वर्षी रद्दीत जाते, कोणी तपासावयास येत नाही. पण चवडीतल्या विटेसारखी ती छोटी चूक आपल्याबरोबर वर चढत राहते आणि पुढे कधीतरी, कोठल्यातरी पुलावर, दवाखान्यात किंवा हिशेबाच्या खात्यात, वरची वीट बसत नाही. या वर्षी प्रयोगशाळेत आलात की स्क्रू गेजचा शून्यदोष आधी पाहा आणि जे रीडिंग येईल तेच लिहा. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तरी चालेल; ते का जुळले नाही हे आपण दोघे मिळून शोधू.