बँटिंग यांचा वजनकाटा

बँटिंग हे नाव ऐकले की इन्सुलिनच्या शोधाशी जोडलेले फ्रेडरिक बँटिंग आठवतात. पण त्यांच्या सुमारे साठ वर्षे आधी याच आडनावाचा आणखी एक माणूस युरोपात गाजला होता. विल्यम बँटिंग हे डॉक्टर नव्हते, शास्त्रज्ञही नव्हते. लंडनमध्ये अंत्यविधींची व्यवस्था पाहणारी त्यांच्या घराण्याची पेढी होती आणि राजघराण्यातील अंत्ययात्रांची जबाबदारीही तिच्याकडे असे. पैसा होता, प्रतिष्ठा होती. त्रास होता तो शरीराचा.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो होते आणि उंची पाच फूट पाच इंच. वय पासष्ट. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. उपाय त्यांनी कमी केले नव्हते. नाव वल्हवून पाहिली, तर भूक वाढली आणि वजनही वाढले. समुद्रस्नान, बाष्पस्नान, औषधे यांचाही उपयोग झाला नाही. शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते कानाचे शल्यचिकित्सक विल्यम हार्वी यांच्याकडे गेले.

हार्वी यांनी पॅरिसमध्ये क्लॉद बेर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकली होती. यकृतात साखर तयार होते, हे बेर्नार यांनी दाखवून दिले होते. मधुमेहात साखर आणि पिष्टमय पदार्थ टाळतात, मग स्थूलतेत ते टाळून का पाहू नये, असा विचार हार्वी यांनी केला. त्यांनी बँटिंग यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य सांगितले. जेवणात मांस, मासे, भाज्या, थोडे फळ आणि एखादा कोरडा टोस्ट राहिला. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. वाइन मात्र चालू होती.

१८६३ च्या सप्टेंबरपर्यंत वजन १५६ पौंडांवर आले. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो उतरले. कंबर १२ इंचांनी घटली आणि ऐकूही बरे येऊ लागले. त्याआधीच, मे महिन्यात, बँटिंग यांनी स्थूलतेविषयीची एक पुस्तिका स्वखर्चाने छापून फुकट वाटली होती. मागणी इतकी वाढली की पुढच्या आवृत्त्या विकाव्या लागल्या. त्यांचे आडनाव इंग्रजीत वजन उतरवण्याचे क्रियापद बनले. डॉक्टरांनी मात्र टीका केली. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हा त्यांचा मुद्दा आजही खरा आहे. शिवाय बँटिंग यांनी साखरेबरोबर पाव, बिअर, लोणी असे बरेच काही एकदम सोडले होते. यश नेमके कशाचे, हे त्यावरून ठरत नाही.

बँटिंग यांनी पुढे साखरेची वेगळी चाचणीही केली. आठवडाभरात पाच औंस, म्हणजे सुमारे १४० ग्रॅम साखर घेतली की वजन जवळपास एक पौंडाने वाढते, असे त्यांनी नोंदवले. साखर चरबी वाढवते, असा अर्थ त्यांनी काढला. नोंद प्रामाणिक होती, पण आजच्या हिशेबात हा अर्थ बसत नाही. एवढ्या साखरेतून सुमारे ५६० कॅलरी मिळतात. पौंडभर चरबी साठायला साधारण ३,५०० लागतात. शरीर साखरेचा काही भाग ग्लायकोजेन म्हणून साठवते आणि त्यासोबत त्याच्या तिप्पट पाणी धरून ठेवते. काट्याने दाखवलेली वाढ बहुतांशी या पाण्याची असावी. साखर आणि पिष्टमय पदार्थ एकदम कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात भरभर उतरणाऱ्या वजनातही मोठा वाटा पाण्याचाच असतो. म्हणून नंतर वेग मंदावला तर आहार फसला, असे समजू नये.

मग साखर कमी करून उपयोग होतो का? होतो, पण माफक. ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. साखर कमी करणाऱ्या प्रौढांचे वजन सरासरी ०.८ किलोने घटले. साखरेऐवजी तेवढ्याच कॅलरींचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा फरक पडला नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास केला. कर्बोदके कमी करणाऱ्यांचे सरासरी ६ किलो, तर स्निग्ध पदार्थ कमी करणाऱ्यांचे ५.३ किलो वजन उतरले. वरून घातलेली साखर आणि मैदा मात्र दोन्ही गटांना कमी करायला सांगितले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत असणे उत्तम. त्यात गूळ, मध आणि फळांचा रसही धरायचा. अख्खे फळ नाही. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये, कारण रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

बँटिंग १८७८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी वारले. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्यासाठी आहार पाळण्याला आजही त्यांच्याच नावावरून आलेला ‘बांटा’ हा शब्द वापरतात.