रेव्ह. नारायण वामन टिळक

पांडेसऱ्याच्या कापड रंगविण्या-छापण्याच्या कारखान्यांत कामाला खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि मुलांच्या तोंडी दोन्ही. आम्हा ख्रिस्ती मंडळींपुढे मग प्रश्न पडतो, घरची उपासना मराठीतच का? अशा वेळी आम्हाला टिळकांची आठवण होते.

धर्मावरून माणसाची जात-भाषा ठरविण्याची खोड जगभर आहे. दूर बेलारूस देशात कॅथोलिक म्हणजे पोलिश आणि ऑर्थोडॉक्स म्हणजे रशियन, असे लोक धरून चालत. बेलारूसी माणूस मधल्या मधे हरवे. आपल्याकडेही बाप्तिस्मा घेतला तो साहेबाचा झाला, असा समज होता.

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण घरात जन्मले. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्या माउलीने काय सोसले, ते 'स्मृतिचित्रे' वाचावे म्हणजे कळेल.

टिळकांनी घर गमावले, पण मराठीपण टाकले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. अहमदनगरात (आता अहिल्यानगर) राहून त्यांनी अभंग, भजने रचली. त्यापूर्वी मंडळीत परकी चाल आणि भाषांतराची ओढाताण फार असे. ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी आधी पाडली होती, हेही सांगितले पाहिजे. परंतु खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांच्या ओठी गीत बसले ते टिळकांचे. 'उपासना संगीत' उघडा, पानोपानी त्यांचे नाव भेटेल.

१९०४ मध्ये ते पाळक झाले. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी, आणि तिच्याबरोबर पगारही सोडला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही जागा होती. हे पुष्कळांना रुचले नाही. आम्हालाही त्यातील काही गोष्टी अवघड वाटतात.

दरबाराला फार दिवस लाभले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला, आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या.