निसर्गाचा चित्रकार : उस्ताद मन्सूर

मुलांनो, तुमच्या अंगणात चिमण्या येतात ना? मग चिमणीच्या गळ्याचा रंग न पाहता सांगता येईल का? आपण रोज पाहतो, पण नीट पाहत नाही. चारशे वर्षांपूर्वी नीट पाहणारा एक चित्रकार आपल्या देशात होऊन गेला. त्याचे नाव उस्ताद मन्सूर.

अकबर बादशहाच्या काळात मन्सूर शाही चित्रशाळेत हस्तलिखित ग्रंथांसाठी चित्रे काढत असे. पुढे जहांगीर गादीवर आला. त्याला पशुपक्ष्यांची व फुलांची फार आवड होती. बाबराने आपल्या आत्मचरित्रात प्राण्यांचे वर्णन केले, पण चित्रे काढून घेतली नाहीत, ही उणीव त्याच्या मनात होती. म्हणून नवा प्राणी दरबारात आला की तो त्याचे चित्र काढवून घेई.

1612 साली मुकर्रबखानाने गोव्याहून एक टर्की पक्षी आणला. जहांगीरने असा पक्षी कधीच पाहिला नव्हता. मन्सूरने त्याची पिसे न् पिसे रंगवली. 1621 साली झेब्रा आला. त्याचे पट्टे कोणीतरी रंगवले असावेत, अशी लोकांना शंका आली. तपासल्यावर ते नैसर्गिक निघाले. मन्सूरने त्याचेही हुबेहूब चित्र काढले. 1620 साली काश्मीरच्या प्रवासात त्याने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली. त्यांपैकी आज फारच थोडी उरली आहेत. जहांगीरने त्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब दिला. त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नकोच!

मन्सूरने सायबेरियन क्रौंचाचेही चित्र काढले. युरोपातील शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते 1773 साली, म्हणजे त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. हे क्रौंच हिवाळ्यात भरतपूरला येत. 2002 नंतर ते तेथे दिसले नाहीत.

मॉरिशस बेटावरील डोडो पक्ष्याचे एक चित्रही मन्सूरचे मानले जाते. खलाशांनी केलेली शिकार आणि त्यांनी बेटावर आणलेले प्राणी यांमुळे डोडो सतराव्या शतकातच नाहीसा झाला. आता तो फक्त चित्रांत उरला आहे.

मुलांनो, चित्र कितीही सुंदर असले तरी त्यातला पक्षी उडत नाही. म्हणून मन्सूरसारखे नीट पाहायला शिका आणि जे जिवंत आहे ते जपा. आज घरी गेल्यावर त्या चिमणीकडे एकदा नीट पाहाल ना?