हाफकिन : एकाचा प्रश्न, अनेकांचे उत्तर



आपल्या तळेगाव दाभाडे स्टेशनातून मुंबई-पुण्याच्या गाड्या रोज ये-जा करतात. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा भयभीत माणसे मिळेल त्या वाटेने शहर सोडू लागली आणि पाठोपाठ रोग पुण्यातही पोहोचला. त्या काळी मुंबईत राहून या रोगाशी झुंजलेल्या वाल्डेमार हाफकिन यांची ही ओळख. परळच्या हाफकिन संस्थेमुळे त्यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. प्राणिशास्त्र शिकून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. लस घेतलेला माणूस वाचला, तर तो लसीमुळे वाचला की एरवीही वाचलाच असता? एकट्या माणसाकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही. कारण तोच माणूस लसीवाचून कसा राहिला असता, हे कोणालाही पाहता येत नाही. म्हणून कलकत्त्याच्या वस्त्यांत हाफकिन यांनी एकाच घरातील लस घेतलेली व न घेतलेली माणसे शेजारी शेजारी ठेवून मोजली.

प्लेगची लस त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले, पण बरे झाले. तरीही चिकित्सक मन विचारील, की आपखुशीने पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट तर नसतील? ही शंका रास्त आहे. तिचे निरसन एका तुरुंगाने होत नाही. त्यासाठी ठिकठिकाणी पुनःपुन्हा मोजावे लागते. लोकांची भीती घालविण्यासाठी तरुण आगाखान (तिसरे) यांनी स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली.

मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

परंतु मोजणीच त्यांच्या बाजूने बोलत होती. लस पाच बाटल्यांतून दिली होती. मेलेले एकोणीसही जण एकाच बाटलीतले. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. हाफकिन निर्दोष ठरले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

पालकहो, लस टोचल्यावर शेजारचे मूल आजारी पडल्याची बातमी कानावर आली, तर दोन गोष्टी करा. त्या मुलाची विचारपूस करा आणि त्याच्या आजाराची कसून चौकशी व्हावी, असा आग्रह धरा. हजारो वाचले म्हणून मल्कोवालच्या एकोणीस घरांचे दुःख उणे होत नाही. पण निष्कर्ष काढण्यापूर्वी हेही विचारा, की किती मुलांनी लस घेतली, कितींनी घेतली नाही आणि दोहोंकडे काय घडले. विद्यार्थ्यांनो, दोन्ही बाजू मोजल्यावाचून कोणालाही दोष देऊ नये, हा धडा हाफकिन यांच्या आयुष्यातून तुम्ही घ्याल, तर गणिताचा तास तुम्हाला कधीच रुक्ष वाटणार नाही.